सगळी रीडिंग बरोबर, तरी लेदर उघडत नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाही तपासता येईल. 200 लिटरचा रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांचा (कोरलांचा) खाऱ्या पाण्याचा टँक, वय 14 महिने. त्यातली कोरलं अशी: छत्रीसारख्या टोपीचा एक मोठा टोडस्टूल लेदर, झेनियाचा एक पुंजका, दोन-तीन प्रकारचे झोआ आणि बरेच मशरूम (नाव मशरूम, पण हेही कोरलच). गेले तीन आठवडे टोडस्टूल मिटून बसलाय, झेनिया जवळजवळ वितळून गेली, झोआ निम्मे बंद आणि खडकावरचे मशरूम आकसून नाण्याएवढे झालेत. खालच्या कपारीतले दोन मशरूम तेवढे फुगलेले दिसतात. आकडे असे: ग्रॅव्हिटी (खारटपणाचं माप) 1.025, तापमान 26 अंश, केएच (पाण्याची अल्कता) 8.5, कॅल्शियम 430, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. सहा आठवड्यांपूर्वी तुम्ही नवी एलईडी लावलीत, त्याच सुमारास फॉस्फेट रिमूव्हर सुरू केलात. कोरल मिटायला लागल्यावर रोज आयोडीन, 40 टक्के पाणी दोनदा बदललं आणि टोडस्टूलची जागा तीनदा हलवली. आणि आता विचारताय की कुठलं औषध घालू.

औषध कुठलंच नको. टँकमध्ये नवीन काहीही घालण्याआधी आत्तापर्यंत जे घातलंय त्यातलं निम्मं काढून घ्यायचंय. माझ्याकडे आजारी टँकची जी हाक येते त्यातल्या बहुतेक वेळी मूळ दुखणं छोटं असतं आणि त्यावर केलेले पाच उपाय मिळून मोठं दुखणं तयार झालेलं असतं. टँक मी डोळ्यांनी पाहिलेला नाही, त्यामुळे खालचं सगळं तुमच्या वर्णनावर बेतलेलं आहे. एक-दोन गोष्टी तुम्ही तपासून सांगितल्यावर माझं मत बदलू शकतं. त्या कुठल्या, ते ओघात सांगतोच.

सॉफ्ट कोरल खालावलं की मी पहिला प्रश्न एकच विचारतो: एकच आजारी आहे की सगळेच? एकच जात किंवा एकच कॉलनी मिटली असेल तर कारण बहुधा त्या जागेवर असतं. शेजारचं कोरल रात्री डंख मारतं, मासा टोचा मारतो, कीड लागते, प्रवाह थेट अंगावर येतो. सगळेच एका सुमारास मिटले तर कारण सगळ्यांना समान असलेल्या गोष्टीत शोधायचं, म्हणजे पाण्यात किंवा प्रकाशात. एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. आपण सरसकट ‘सॉफ्ट कोरल’ म्हणतो त्यात टोडस्टूल आणि झेनिया हे आठ शुंडकांचे खरे सॉफ्ट कोरल आहेत, तर झोआ आणि मशरूम नात्याने दगडी कोरलांना आणि ॲनिमोनला जवळचे. म्हणजे तुमच्या टँकमध्ये दोन वेगळ्या कुळांची मंडळी एकदम नाराज झाली आहेत. एखादी कीड किंवा एखादा रोग असं सहसा करत नाही. कीड खाण्याच्या बाबतीत चोखंदळ असते.

टोडस्टूलचं मिटणं आधी बाजूला काढू, कारण नुसतं तेवढंच असतं तर मी तुम्हाला काहीही करू नका म्हटलं असतं. लेदर कोरल ठरावीक काळाने कात टाकतं. आधी पॉलिप, म्हणजे टोपीवरची फुलासारखी बारीक तोंडं, आत जातात, मग टोपीवर मेणचट चकाकी येते, जणू कुणी पातळ प्लास्टिक ताणून बसवलंय. त्यावर शेवाळ आणि गाळ बसून ती करडी-तपकिरी दिसायला लागते. चार दिवसांनी, कधी दहा-बारा दिवसांनी, तो पापुद्रा कडेने सुटतो, प्रवाहात फडफडतो आणि तुकड्या-तुकड्यांनी निघून जातो. खालून स्वच्छ, फिकट कातडी दिसते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पॉलिप बाहेर. नव्या माणसाला दरवेळी वाटतं की कोरल मेलं. मलाही पहिल्यांदा वाटलं होतं, आणि मी पापुद्रा बोटाने सोलायला गेलो होतो. तसं करू नका. पिपेटने दुरून पाण्याचे दोन हलके फवारे मारले तर चालतं.

कात टाकणं आणि आजारपण यातला फरक देठात दिसतो. कात टाकणारा टोडस्टूल मिटलेला असला तरी ताठ उभा असतो. आजारी टोडस्टूल लोळतो, देठ मऊ पडतो, टोपीच्या कडेला काळपट किंवा पांढुरके डाग येतात, आणि नाकाजवळ नेला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. तुमच्या वर्णनात डाग नाहीत, वास नाही, देठ ‘थोडा वाकलाय’ एवढंच आहे. म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलेलं नाही. तीन आठवडे मात्र कातीसाठी जास्त झाले, त्यात ती तीनदा केलेली हलवाहलव धरली तरी.

आता त्या कपारीतल्या दोन मशरूमकडे वळू. तुम्ही त्यांचा उल्लेख जाता जाता केलाय, पण संपूर्ण प्रश्नात कामाची गोष्ट तीच. पाणी साऱ्या टँकमध्ये एकच. पाण्यात विष असतं तर कपारीतल्यांनाही ते सोडलं नसतं. खडकावरचे आकसलेत आणि सावलीतले फुगलेत, याचा अर्थ दोघांमध्ये जो फरक आहे तो प्रकाशाचा. आणि प्रकाश तुम्ही सहा आठवड्यांपूर्वी बदललात.

नव्या एलईडीबद्दल गैरसमज असा की ती डोळ्यांना जुन्या दिव्याएवढीच वाटते म्हणून तेवढीच असेल. निळा प्रकाश आपल्या डोळ्यांना मंद वाटतो, कोरलच्या पेशीतल्या शैवालाला मात्र तोच सगळ्यात जास्त पोहोचतो. खोली निळसर-अंधारी दिसत असताना मशरूमवर त्याला हवा त्याच्या तिप्पट प्रकाश पडत असतो. माझ्या टँकांमध्ये मशरूमना 50 ते 80 पार (कोरलला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचं माप) पुरतात, लेदरला 100 ते 150. मोकळ्या खडकावर एका मध्यम ताकदीच्या एलईडीखाली मी 250 मोजलेले आहेत. पार मीटर उसना मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर मशरूमच सांगतात: जास्त प्रकाशात ते आकसतात, कडा वर वळवून वाटीसारखे होतात आणि रंग उतरतो, कमी प्रकाशात पसरट, पातळ होतात आणि गडद तपकिरी पडतात.

पण नुसता प्रकाश वाढला म्हणून झेनिया वितळत नाही. इथे दुसरी गोष्ट येते, आणि माझ्या मते तुमच्या टँकची खरी अडचण ही दोन गोष्टींची जोडी आहे. प्रकाश वाढला की कोरलच्या आतलं शैवाल जोरात काम करायला लागतं. त्याला कर्ब मिळतो, पण वाढीला आणि दुरुस्तीला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतात. नेमक्या त्याच आठवड्यांत तुम्ही फॉस्फेट रिमूव्हर लावलात आणि पुढे पाणी बदलून उरलंसुरलं पण काढून टाकलंत. म्हणजे कामाचे तास दुप्पट केले आणि जेवण बंद केलं. अशा वेळी शैवालाला जादा प्रकाश झेपत नाही, त्यातून तयार होणारे ऑक्सिजनचे घातक रेणू यजमान पेशीलाच पोळतात आणि कोरल शैवाल बाहेर टाकायला लागतं. रंग उतरणं, आकसणं, पॉलिप न काढणं ही सगळी त्याचीच रूपं.

‘नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य’ हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय, आणि त्यात तुमचा दोष नाही. बरीच वर्षं आम्ही जुने लोक नव्यांना हेच शिकवत होतो. त्या काळच्या टँकमध्ये आकडे इतके वर असायचे की ‘खाली आणा’ हा एकच सल्ला सगळ्यांना लागू पडायचा. आता जोरदार स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र), रिमूव्हर आणि कोरडा खडक असतो, त्यामुळे उलटी अडचण होते. कोरडा खडक पहिलं वर्षभर स्वतःच फॉस्फेट शोषून घेतो. खऱ्या प्रवाळखडकावर पाण्यात विरघळलेले क्षार फार थोडे असतात हे खरं, पण तिथे दिवसरात्र प्लँक्टनचा आणि माशांच्या विष्ठेचा ओघ चालू असतो. आपल्या टँकमध्ये तो ओघ नाही, म्हणून पाण्यात थोडी शिल्लक लागते. सॉफ्ट कोरलसाठी मी नायट्रेट 5 ते 15 पीपीएम (दशलक्षात इतके भाग) आणि फॉस्फेट 0.05 ते 0.1 पीपीएम धरतो. यापेक्षा वर असलेले, 25-30 नायट्रेटचे टँकही मी सांभाळतो आणि त्यातली झेनिया तणासारखी वाढते. शून्य-शून्य असलेला आणि सॉफ्ट कोरल खुशीत असलेला टँक मात्र मला फार क्वचित दिसला. शून्यात आणखी एक धोका: तिथे डायनोफ्लॅजलेट या सूक्ष्मजीवांची तपकिरी, बुडबुड्यांनी भरलेली शेंबडी चादर पसरते आणि ती हाकलणं हे कोरल वाचवण्यापेक्षा अवघड काम आहे.

झेनियाबद्दल दोन ओळी, कारण ती गेल्याचं तुम्हाला सगळ्यात वाईट वाटलेलं दिसतंय. तिची उघडझाप दिसायला गंमतीची असली तरी तिला काम आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तांबड्या समुद्रातल्या, झेनियाच्या नात्यातल्या हेटेरोझेनियाची उघडझाप मोजली होती. त्यात दिसलं की या हालचालीने पॉलिपभोवती साठलेला ऑक्सिजन धुवून निघतो आणि प्रकाशसंश्लेषण कितीतरी वाढतं. म्हणून झेनियाची गती मंदावणं ही मी धोक्याची पहिली घंटा मानतो. इतर कोरल मिटायच्या आठवडाभर आधी ती थांबते. तुम्ही आठवून पाहा, नवी एलईडी लावल्यावर तिची लय कधी बिघडली? खडकाच्या खाचेत तिचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा जरी चिकटलेला असला तरी तो काढू नका. झेनिया त्यातून परत येते, आणि मग दोन वर्षांनी तुम्हीच विचाराल की हिला आवरू कशी.

आता मापांवर येऊ. इथे माझं मत बदलू शकतं असं वर म्हटलं, ते या जागी. तुमची ग्रॅव्हिटी 1.025 ही काट्याच्या, म्हणजे तरंगत्या हाताच्या प्लास्टिक हायड्रोमीटरवर मोजलेली आहे. त्या हाताला एक बारीकसा बुडबुडा चिकटला की तो वर उचलला जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा खारट दाखवतो. हातावर क्षाराची पुटं चढली की तो जड होतो आणि उलटी चूक होते. दोन्ही चुका मी एकाच उपकरणात एकाच महिन्यात पाहिल्या आहेत. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशाच्या वाकण्यावरून खारटपणा मोजणारं यंत्र) असला म्हणजे सुटलो असंही नाही. मी स्वतः एका टँकचा रिफ्रॅक्टोमीटर आरओ पाण्याने शून्यावर लावून दीड वर्ष निर्धास्त होतो. लेदर कधी उघडं, कधी बंद, झोआ रुसलेले, मी प्रवाह बदलतोय, दिवे बदलतोय. शेवटी 35 पीपीटीचं (हजारात 35 भाग क्षार) कॅलिब्रेशन द्रावण, म्हणजे माप जुळवायचं प्रमाणित पाणी, आणून एक थेंब टाकला तर रेघ 40 वर गेली. म्हणजे मी ज्याला 35 समजत होतो ते पाणी 30 च्या आसपास होतं. आणि दर आठवड्याला पाणी बदलताना त्याच चुकीच्या मापाने तीच चूक पुन्हा टँकमध्ये ओतत होतो. शून्यावर जुळवलेलं यंत्र वरच्या टोकाला बरोबर असेलच असं नाही, जिथे मोजायचं तिथेच जुळवावं लागतं.

तेव्हा पहिलं काम: 35 पीपीटीचं द्रावण आणा आणि तुमचं माप तपासा. 25 अंशाला 35 पीपीटी म्हणजे 1.0264. खारटपणा 33 ते 36 मध्ये निघाला तर माझं वरचं निदान, प्रकाश आणि उपासमार, तसंच राहतं. तो 30 निघाला किंवा 39 निघाला तर आधी ते दुरुस्त करायचं आणि बाकीचं नंतर. दुरुस्ती सावकाश, दिवसाला 1 पीपीटीपेक्षा जास्त नाही. खारटपणा कमी असेल तर सोपी युक्ती म्हणजे बाष्पीभवनाची भर गोड्या पाण्याऐवजी 35 पीपीटीच्या खाऱ्या पाण्याने करणं. रोज 3 लिटर उडत असेल तर 3 लिटरमध्ये 105 ग्रॅम मीठ जातं, 200 लिटरमध्ये त्याने अर्ध्या पीपीटीची वाढ होते. 30 वरून 35 ला यायला दहा दिवस. कोरलना हा वेग मानवतो. ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) असेल तर त्याची टाकी तेवढे दिवस खाऱ्या पाण्याची ठेवायची आणि 35 झाल्यावर आठवणीने परत गोडी करायची. हे शेवटचं मी विसरलेलो आहे.

शून्य फॉस्फेटचंही तसंच. रंग जुळवायच्या साध्या किटवर 0.00 आणि 0.04 सारखेच दिसतात, आणि सॉफ्ट कोरलसाठी त्या दोन्हींत बराच फरक आहे. डिजिटल कलरीमीटर मिळाला तर बरं. नाहीतर टँकच्या काचेकडे पाहा. काच दोन-तीन दिवसांत धुरकट होत असेल तर पाण्यात काहीतरी आहे. आठवडा-आठवडा काच लखलखीत राहत असेल तर तुमचं शून्य खरं शून्य आहे. तुम्ही लिहिलंय की ‘काच पुसायची गरजच पडत नाही’. त्यावरून मी ते खरं धरतो.

मग करायचं काय? फॉस्फेट रिमूव्हर आजच काढा. आयोडीन आजच बंद. समुद्राच्या पाण्यात आयोडीन सुमारे 0.06 पीपीएम असतं आणि मिठातून आणि माशांच्या खाण्यातून ते येत राहतं. न मोजता रोज थेंब घालत राहिलात तर ते साठतं, आणि आयोडीन हे जंतुनाशकही आहे हे विसरू नये. झोआ आणि झेनियासाठी आयोडीन हवंच असं सांगणारे खूप भेटतील. मी गेली कित्येक वर्षं ते घातलेलं नाही आणि दोन्ही उत्तम वाढतात. पाणी बदल आठवड्याला 10 टक्क्यांवर आणा. स्किमर रात्री बंद ठेवण्याचा सल्ला काही जण देतात, पण रात्री टँकमधला ऑक्सिजन तसाच कमी असतो, त्यामुळे मी तो चालूच ठेवतो, फक्त कपातला फेस घट्ट, कोरडा निघेल असा खाली लावतो.

माशांना खाणं थोडं वाढवा, दिवसाला एकाऐवजी दोनदा. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही वाढवायची ही सगळ्यात सौम्य पद्धत. मासे कमी असतील आणि दोन आठवड्यांतही आकडा हलला नाही तर शुद्ध सोडियम नायट्रेट वापरता येतं. 200 लिटरमध्ये 1 पीपीएम नायट्रेट वाढवायला साधारण 0.27 ग्रॅम लागतं. दिवसाला तेवढंच, आणि दर तीन दिवसांनी मोजायचं. फॉस्फेटचं मात्र खडक आधी पोट भरून घेतो, त्यामुळे पहिले काही आठवडे घातलेलं कुठे गेलं ते कळत नाही. घाबरून डोस दुप्पट करू नका. नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट शून्य ही स्थिती दोन्ही शून्य असण्यापेक्षाही वाईट, त्यामुळे नायट्रेट एकट्यालाच पळवू नका.

प्रकाश आत्ता आहे त्याच्या निम्म्यावर आणा आणि तीन आठवडे तिथेच ठेवा. नंतर आठवड्याला 5 टक्के वाढवा. मशरूम आकसायला लागले की एक पायरी मागे. तास कमी करून ताकद तशीच ठेवणं याचा उपयोग फारसा होत नाही, कारण दुपारच्या शिखराला पोळायचं ते पोळतंच.

टोडस्टूल आता आहे तिथे राहू द्या. मध्यम, इकडून-तिकडून येणारा प्रवाह हवा, ज्यात टोपीची कड हलते पण देठ झुकत नाही. दर वेळी हलवल्यावर तो नव्या जागेशी जुळवून घेण्यासाठी पुन्हा मिटतो, आणि तो मिटला म्हणून तुम्ही पुन्हा हलवता. हे चक्र तुम्हालाच तोडायचंय.

कार्बन लावा. लेदर आणि सिन्युलेरिया जातीची कोरलं टर्पीन गटाची रसायनं पाण्यात सोडतात, शेजाऱ्यांना दूर ठेवायला. त्रासात असलेलं लेदर ती जास्त सोडतं, आणि छोट्या टँकमध्ये तीच रसायनं सगळ्यांच्या अंगावर येतात. म्हणजे पहिलं कोरल प्रकाशाने मिटतं आणि दुसरं पहिल्यामुळे. चांगला सक्रिय कार्बन, धुऊन, पिशवीत किंवा रिॲक्टरमध्ये, दर तीन आठवड्यांनी नवा. सुरुवात मूठभरच करा. कार्बन पाण्याचा पिवळटपणा काढतो आणि खाली पोहोचणारा प्रकाश अचानक वाढतो. एकदम भरपूर कार्बन टाकून कोरल पोळलेली पाहिली आहेत. म्हणून आधी दिवा कमी करायचा, मग कार्बन.

धातूंची शंका मला तुमच्या बाबतीत कमी वाटते, त्या कपारीतल्या मशरूममुळेच. तरीही दहा मिनिटांचं काम आहे, करून टाका: प्रत्येक पंपाचं चुंबक, काच पुसायचं चुंबक, हीटर, नळीचे क्लॅम्प हातात घेऊन पाहा. माझ्या एका टँकमध्ये सगळी झोआ दोन महिने बंद होती आणि कारण निघालं एका पॉवरहेडच्या (पाणी ढवळणाऱ्या पंपाच्या) चुंबकावर केसाएवढी चीर. आवरण बाहेरून अखंड दिसत होतं, अंगठ्याने दाबलं तर गंजाचं तांबूस पाणी आलं. दुकानातली तांब्याची किट माशांच्या औषधोपचारासाठी बनवलेली असतात, रीफला बाधेल एवढं कमी तांबं त्यांना दिसत नाही. शंका बळावली तर पाण्याचा नमुना आयसीपी चाचणीला (धातू अगदी बारीक प्रमाणात मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीला) पाठवा. आरओ-डीआयच्या (क्षार पूर्ण काढलेल्या) पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडाही पाहून घ्या. तो शून्य हवा, 1 दाखवायला लागला की डीआयचा रेझिन, म्हणजे उरलेले क्षार शोषणारे दाणे, संपत आलाय.

कीड: दोन कुळं एकदम आजारी असल्यामुळे हीसुद्धा यादीत खाली. पण खालावलेल्या कोरलवर कीड नंतर जोर धरते, म्हणून एकदा पाहाच. दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी, लाल टॉर्च घेऊन. लेदरच्या देठाच्या बुडाशी आणि टोपीच्या खालच्या बाजूला पांढऱ्या दोऱ्याची वेटोळी दिसली तर ती न्यूडिब्रँकची (बिनशंखाच्या समुद्री गोगलगाईची) अंडी. लेदर खाणारी ट्रिटोनिऑप्सिस ही गोगलगाय पांढरी असते आणि तिच्या पाठीवरचे फाटे हुबेहूब मिटलेल्या पॉलिपसारखे. पहिल्या रात्री ती दिसतच नाही, दुसऱ्या रात्री पॉलिप ‘चालताना’ दिसतो. झोआवर बसणारी जी गोगलगाय असते ती खाल्लेल्या झोआचाच रंग घेते. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, गुंडाळलेल्या दोरीसारखी शंखाची हेलिॲकसही झोआ खाते. डिपमध्ये (कोरल औषधी द्रावणात काही मिनिटं बुडवणं) प्रौढ कीड मरते, अंडी मरत नाहीत. ती नखाने किंवा पात्याने खरवडून काढायची आणि पाच-सहा दिवसांनी डिप पुन्हा करायची. केसाळ ब्रिसलवर्म हा किडा मेलेल्या कोरलवर दिसला तर त्याला खुनी समजू नका, तो साफसफाईला आलेला असतो.

देठ किंवा टोपी सडायला लागली, म्हणजे तपकिरी जेलीसारखा भाग आणि तो वास, तर वाट पाहायची नाही. टोडस्टूल टँकबाहेर, टँकच्याच पाण्याच्या भांड्यात घ्या. धारदार नव्या पात्याने सडलेल्या भागाच्या एक सेंटिमीटर पलीकडे, निरोगी पांढऱ्या मांसातून सरळ छेद द्या. कापलेला भाग दुसऱ्या भांड्यात खळबळून धुवा, आयोडीनच्या कोरल-डिपमध्ये बाटलीवर लिहिलेला वेळ ठेवा आणि मंद प्रवाहात परत लावा. हे डिप टँकबाहेर, काही मिनिटांचं; टँकमध्ये रोज थेंब घालण्याशी त्याचा संबंध नाही. लेदरचा स्राव इतका असतो की सुपरग्लू धरत नाही. खडकाच्या तुकड्याला सैल रबरबँडने बांधा, दोन आठवड्यांत तो चिकटतो. टोपी गेली तरी नुसत्या देठातून नवी टोपी फुटते. माझा सगळ्यात जुना टोडस्टूल असाच एका सडक्या बुंध्यातून आलाय.

झोआ हाताळताना मात्र गंमत नको. झोआ आणि त्यांच्या जवळच्या पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं, जे 1971 मध्ये हवाईतल्या पॅलिथोआतून पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं आणि ज्ञात असलेल्या अत्यंत जहाल विषांपैकी ते एक आहे. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा, कापताना आणि खरवडतानाही. झोआ असलेला खडक कधीही उकळू नका, गरम पाण्याने धुऊ नका, कोरडा घासू नका. वाफेतून लोक आणि त्यांच्या घरचे गंभीर आजारी पडलेले आहेत. हाताळणीनंतर तोंडात धातूची चव, ताप, धाप, अंगदुखी जाणवली तर थेट रुग्णालय गाठा आणि पॅलिटॉक्सिनचं नाव सांगा.

सगळं एका ओळीत लावायचं तर तुमचा क्रम असा. आज रिमूव्हर आणि आयोडीन बाहेर, दिवा निम्म्यावर, चुंबकं तपासणं. उद्या-परवा 35 चं द्रावण आणि खऱ्या खारटपणाचा आकडा. तिसऱ्या दिवसापासून मूठभर कार्बन आणि दोन वेळा खाणं. एका रात्री टॉर्च. त्यानंतर तीन आठवडे हात खिशात. केएच 8.5 आहे ते तिथेच राहू द्या, ते 8 आहे की 9 याने सॉफ्ट कोरलला काही फरक पडत नाही, रोज इकडेतिकडे झालं तर पडतो.

सुधारणा दिसेल ती एकदम नाही. मशरूम आधी बोलतात, बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या दिवशी वरच्यांची कड सैल पडायला लागते. झोआ दुसऱ्या आठवड्यात, आधी कडेचे दोन-चार, मग बाकीचे. झेनियाचा अवशेष असेल तर तिसऱ्या आठवड्यात खाचेतून एखादा हात वर येईल. टोडस्टूल सगळ्यात शेवटी, कधी महिना-दीड महिना घेतो, आणि उघडण्याआधी एक जाड, घाणेरडी कात टाकतो. ती पाहून पुन्हा घाबराल, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. काचेवर तपकिरी-हिरवं शेवाळ यायला लागेल, तेही यायलाच हवं.

द्रावणाने तपासलेला खारटपणा आणि एलईडीची आत्ताची टक्केवारी एवढे दोन आकडे कळवा. आठ दिवसांत कपारीतल्या आणि खडकावरच्या मशरूममधला फरक जरासाही कमी झाला नाही तर माझा प्रकाशाचा अंदाज चुकला, मग आयसीपीचा नमुना काढून ठेवा आणि आपण धातूंपासून पुन्हा सुरू करू.